जेफ बेकला बघताना नजर उजव्या हातावर ठेवा

प्रश्न असा आलाय: "चार-पाच वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकतोय, बऱ्यापैकी वेगात वाजवतो. इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेकची लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमधली मैफल फिल्मवर पाहिली. मोठमोठे गिटारवाले याचं नाव काढलं की कानाला हात लावतात, पण मला त्यात बोटांची करामत फारशी दिसली नाही. माझं बघण्यात काही चुकतंय का? आणि त्याच्यासारखं वाजवायचं तर ट्रेमोलो बारवाली, म्हणजे सूर खाली-वर हलवायचा दांडा असलेली, गिटार घ्यावी का?"

चुकत काही नाही. तुम्ही बहुतेक पूर्णवेळ डावा हात बघत होतात, आणि तसं बघायचीच आपल्याला सवय लागलेली असते. क्लास लावल्या दिवसापासून कौतुक होतं ते डाव्या हाताचं. कुठल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कुठलं बोट, स्केलच्या कुठल्या आकारातून कुठे सरकला, किती झरझर सरकला. टॅब, म्हणजे कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची याचं लेखन, उतरवून घेतो तीही डाव्या हाताचीच नोंदवही. उजव्या हाताने पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, धरून वरखाली करायचं आणि सांगितलं तेवढं ऐकायचं. बेकच्या बाबतीत ही वाटणी उलटी आहे. त्याचा डावा हात तुमच्या-माझ्या ओळखीच्या जागांवरच फिरतो, पुष्कळदा तर साध्या ब्लूजच्या पेंटाटोनिकमध्ये, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलमध्ये. जे काय घडतं ते उजव्या हाताखालच्या वीतभर जागेत, ब्रिज (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), बार आणि व्हॉल्यूम नॉब यांच्या मध्ये.

फिल्मची थोडी माहिती आधी देतो, म्हणजे ज्यांनी पाहिली नाही त्यांनाही पुढचं कळेल. रॉनी स्कॉट्स हा सोहोमधला जुना जॅझ क्लब. १९५९ साली सुरू झाला, १९६५ पासून फ्रिथ स्ट्रीटवर आहे. लहानशी जागा, टेबलांभोवती दाटीवाटीने बसलेले लोक, स्टेज हाताच्या अंतरावर. नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस बेकने तिथे आठवड्याचा मुक्काम ठोकला. ड्रम्सवर विनी कोलायुटा, बेसवर टॅल विल्केनफेल्ड, कीबोर्डवर जेसन रेबेलो. आल्बम २००८ मध्ये निघाला आणि फिल्म २००९ मध्ये डीव्हीडीवर आली. बेक तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. जानेवारी २०२३ मध्ये तो गेला, त्यामुळे आता आपल्याला तो फिल्मवरच भेटणार.

जागा लहान होती हे आपल्या फायद्याचं झालं. मोठ्या मैदानावरच्या चित्रीकरणात निम्मा वेळ लाइट, धूर आणि हात उंचावलेली गर्दी दाखवण्यात जातो. इथे कॅमेऱ्याला पळायला जागाच नाही, म्हणून हातांचे जवळचे शॉट भरपूर मिळतात. शिकणाऱ्याला यापेक्षा काय पाहिजे?

तर आता उजवा हात. पहिली गोष्ट, त्यात पिक नाही. १९८० च्या दशकात बेकने पिक सोडून दिलं. अंगठा आणि तर्जनी तारा छेडतात, बाकीची बोटं मोकळी राहतात आणि त्या मोकळ्या बोटांना कामं आहेत. त्याची गिटार फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट. तिचा व्हॉल्यूम नॉब पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या अगदी शेजारी असतो. पिकवाल्यांना तो हाताला लागतो म्हणून अडचणीचा वाटतो, काहीजण तर काढून खाली बसवून घेतात. बेकची करंगळी त्याच्यावर सतत फिरत असते. ट्रेमोलो बार तळव्यात किंवा उरलेल्या बोटांत धरलेला. म्हणजे एकाच हाताने स्वर छेडायचा, त्याचा आवाज वाढवायचा-कमी करायचा आणि त्याची उंचीही हलवायची. शिवाय तळव्याची कड जाड तारांवर ठेवून त्या गप्प ठेवायच्या, कारण बार हलला की सगळ्याच तारा हलतात आणि नको ती तार वाजत राहिली तर चिखल होतो.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर फिल्म सुरुवातीपासून लावू नका. शेवटाकडची 'व्हेअर वेअर यू' आधी लावा. ही रचना मूळ १९८९ च्या 'जेफ बेक्स गिटार शॉप' या आल्बमवरची. तिची प्रेरणा बल्गेरियातल्या स्त्रियांच्या समूहगायनाची होती. ठेका नाही, ड्रम्स नाहीत, खाली कीबोर्डचे लांब स्वर धरलेले आणि वर एकटी गिटार. पहिल्यांदा बघताना आवाज पूर्ण बंद करा. हसू नका, खरंच करा. आवाज बंद असला की डोळे वेगाच्या मागे धावत नाहीत आणि उजव्या मनगटाचं बारीक वर-खाली होणं दिसायला लागतं. मग आवाज चालू करून तेच पुन्हा.

काय घडतंय ते सांगतो. डाव्या हाताचं बोट तारेला नुसतं टेकतं, दाबत नाही, त्यातून हार्मोनिक निघतो, तो घंटेसारखा पातळ स्वर. बाराव्या, सातव्या, पाचव्या फ्रेटवरचे हार्मोनिक सगळ्यांना माहीत असतात, ते सोपे. पण ते ठरावीक जागांवर ठरावीकच मिळतात, त्यातून हवी ती चाल वाजवता येत नाही. इथे बार कामाला येतो. बेक एक हार्मोनिक वाजवतो आणि मग तोच स्वर बारने खाली-वर नेऊन चालीतले पुढचे स्वर काढतो. पुष्कळदा तर छेडण्याआधीच बार दाबलेला असतो. मग छेड, मग बार सोडत सोडत स्वर जागेवर आणायचा, आणि एवढ्या वेळात करंगळीने नॉब शून्यावरून वर न्यायचा. छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही. स्वर कुठूनतरी उगवतो, चढतो, जागेवर येऊन स्थिरावतो.

यात अवघड काय, असं वाटेल. अवघड हे की बारला फ्रेट नसतात. किती दाबला की अर्धा स्वर उतरेल, किती दाबला की पूर्ण, याची कुठे खूण नाही. वर प्रत्येक तारेचा हिशेब वेगळा. स्ट्रॅटचा ब्रिज एका बाजूने तारांच्या ताणाने आणि दुसऱ्या बाजूने, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांच्या ताणाने तोललेला असतो. बार दाबला की ब्रिज पुढे कलतो, तारा सैल पडतात, सूर उतरतो. वर ओढला की उलटं. पण तारांची जाडी आणि ताण वेगवेगळा असल्याने तेवढ्याच दाबाला तिसरी तार बरीच जास्त सरकते, पहिली कमी. म्हणजे तिसऱ्या तारेवर घोटून घोटून बसवलेला हात पहिल्या तारेवर जसाच्या तसा चालत नाही. बेकचा ब्रिज असा तरंगता ठेवलेला असायचा की बार वरही ओढता यावा. अशा ब्रिजवर डाव्या हाताने एक तार बेंड केली, म्हणजे सूर चढवायला बाजूला ओढली, तरी बाकीच्या तारांचा सूर किंचित उतरतो. या सगळ्यातून नेमका सूर शोधायचा तो फक्त कानाने, आणि तोही समोर माणसं बसलेली असताना. मला विचाराल तर ताशी दोनशे मैलांच्या सगळ्या लिक्स (बसवलेले छोटे तुकडे) एका बाजूला आणि ही तीन-चार मिनिटं एका बाजूला.

आपल्याकडच्या श्रोत्याला खरं तर हे लवकर कळायला हवं. हार्मोनियमला मींड घेता येत नाही या कारणासाठी आकाशवाणीने तिला कित्येक वर्षं बाहेर ठेवलं होतं. पट्टीला पट्टी लागून बसवलेले स्वर, मधली जागाच नाही. फ्रेटवाल्या गिटारचं दुखणं थोडंफार तेच. बेंड करता येतो, पण बेंड फक्त वर जातो आणि बोटाच्या ताकदीएवढाच जातो. बेकने बारचा उपयोग करून ती मधली जागा मोकळी केली, वरही आणि खालीही. सतारीत गायकी अंग म्हणतो तसलं काहीतरी तो गिटारवर करत होता, असं मी वर्गात सांगतो आणि मुलांना ते पटतं. मात्र त्यात राग शोधायला जाऊ नका. तो ब्लूजवर वाढलेला इंग्रज माणूस आहे आणि सरळ ब्लूजमधूनच बोलतो.

यावरून 'नादिया'कडे येतो. माझ्या मते आपल्या वाचकांसाठी या फिल्ममधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. ही रचना नितीन साहनी या ब्रिटिश संगीतकाराची, १९९९ च्या 'बियाँड स्किन' आल्बमवरची. मूळ गाणं गायलंय स्वाती नाटेकर यांनी. होय, नाटेकर. शास्त्रीय बैठकीचा गळा आणि खाली ड्रम अँड बेसचा धावता ठेका. बेकने ते आपल्या लगेचच्या 'यू हॅड इट कमिंग' या आल्बमवर घेतलं आणि पुढे मैफलीत वाजवत राहिला. शब्द गेले, गळा गेला, उरली चाल.

हे बघायच्या आधी मूळ गाणं ऐका, तीन-चारदा ऐका आणि जमेल तसं गुणगुणा. गाताना लक्ष द्या की बाई कुठलाही स्वर थेट लावत नाहीत. आधी शेजारच्या स्वराचा कण लागतो, मग मुक्काम, सोडताना पुन्हा थोडी घसरण. एखाद्या ठिकाणी बारीकशी मुरकी. मग फिल्म लावा. गिटारवाले विद्यार्थी अशी चाल नोटेशनमधून बसवतात तेव्हा मुक्कामाचे स्वर सगळे बरोबर येतात आणि तरी गाणं मेलेलं असतं, कारण कण आणि घसरण नोटेशनमध्ये लिहिलेलीच नसते. बेकने बसवलं ते गळ्यावरून. त्याच्या हातात शब्द नाहीत, श्वास नाही, म्हणून स्वराची सुरुवात आणि शेवट एवढंच भांडवल आणि त्याच्यावरच सगळा खेळ. कुठला कण तो बोटाने घेतो, कुठला बारने, हे फिल्म थांबवून थांबवून शोधा. दहा-बारा सेकंदांचा तुकडा एका बैठकीला पुरे.

जे हाताने बसवायचं असेल ते आधी गळ्याने बसवा, हे मी गिटारच्या वर्गात सांगतो तेव्हा पालकांच्या चेहऱ्यावर 'आम्ही गाण्याची फी भरली नाहीये' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. असो.

'कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स' तर तुम्ही पाहिलीच असेल, ती तुकड्यातुकड्यांनी सगळीकडे फिरत असते. चाल स्टीव्ही वंडरची. बेकने ती १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो'वर घेतली. बीटल्सच्या जॉर्ज मार्टिन यांनी निर्मिती केलेला तो आल्बम शब्दाविना असूनही अमेरिकेत पहिल्या पाचांत गेला होता. सुरुवातीच्या ओळीत करंगळी बघा. प्रत्येक स्वर नॉबवरून फुगत येतो, छेडल्याचा धक्का गिळलेला असतो. पुढे चाल तापते तसतशी करंगळीची ढवळाढवळ कमी होते, अंगठा तारेवर जोरात पडायला लागतो आणि त्याच गिटारचा, त्याच अ‍ॅम्पचा आवाज खरखरीत होतो. पायाने कुठलं पेडल दाबलं असेल असं वाटतं. पुष्कळदा कारण तेवढंच असतं: नॉब किती उघडा आणि तार किती जोरात ओढली. ट्यूब अ‍ॅम्प थोडा तापवून ठेवला की तो बोटाचा दाब ओळखतो. आपल्याकडे घराघरात डिजिटल पेडल आणि हेडफोन आल्यापासून हा अनुभवच मुलांना मिळत नाही. गेन, म्हणजे आवाज खरखरीत करणारी पातळी, इतका चढवलेला असतो की हळू छेडा नाहीतर जोरात, आवाज एकच.

याच गाण्यात टॅल विल्केनफेल्डचा बेस सोलो आहे. ऑस्ट्रेलियातून आलेली, एकविशीच्या उंबरठ्यावरची मुलगी. ती वाजवत असताना कॅमेरा बेकवर जातो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. लोक त्या क्लिपखाली भावनिक होऊन काय काय लिहितात. मला त्यात दिसते ती साथीची शिस्त. आपलं वाजवणं थांबवलं की हा माणूस पूर्ण थांबतो. मधेच पुसटसा कॉर्ड नाही, तार जुळवल्यासारखं करणं नाही. आपल्या कॉलेज बँडांतल्या गिटारवाल्यांनी हा भाग रोज झोपण्यापूर्वी पाहावा.

'एंजल (फुटस्टेप्स)' मध्ये आणखी एक प्रकार आहे. स्लाइड, म्हणजे काचेची किंवा धातूची नळी, एरवी डाव्या हाताच्या बोटात घालतात आणि फ्रेटबोर्डवर फिरवतात. इथे चाल इतकी वर चढते की फ्रेटबोर्ड संपतो. तेव्हा बेक स्लाइड उजव्या हातात घेऊन पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकांच्या) वर, जिथे एकही फ्रेट नाही, तिथे तारेवर टेकवत टेकवत वाजवतो. अंदाजाने. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की स्वर गेला, कारण तार तिथे उरलेलीच असते थोडीशी. तोल जाईल असं सारखं वाटत राहतं आणि जात नाही. हे मात्र आवाज चालू ठेवूनच बघा.

बाकीचं थोडक्यात सांगतो. सुरुवातीची 'बेक्स बोलेरो' १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली, जिमी पेज आणि कीथ मून यांच्यासोबत, इतिहास म्हणून ऐका. तिच्या पाठोपाठ येणारी 'इटर्निटीज ब्रेथ' जॉन मॅक्लॉक्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची. बेक रॉकमधून फ्यूजनकडे वळला त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे, १९७५ मध्ये त्यांच्यासोबत त्याने दौराही केला होता. 'स्ट्रॅटस' बिली कोबमची, १९७३ ची. हिच्यात गिटार विसरा. खाली बेसची एकच ओळ गोल गोल फिरत राहते, आवर्तनासारखी, आणि तिच्यावर कोलायुटा काय करतो ते ऐका. तो समेला धरून खेळतो, पण सम दाखवत मात्र नाही, आणि तरी कुणी चुकत नाही. 'स्कॅटरब्रेन' नऊ मात्रांच्या घरातली, वेगवान, तुम्हाला हवी असलेली बोटांची करामत तिच्यात आहे. म्हणजे बेकला वेग येत नव्हता असा गैरसमज नको. 'बिग ब्लॉक' आणि 'स्पेस बूगी' जोरदार आहेत, एकदा बघून पुढे जा. जॉस स्टोनने गायलेलं 'पीपल गेट रेडी' मला फार काही देत नाही, गाणारी समोर आली की बेक आदबीने मागे सरकतो आणि आपण तर त्याच्यासाठी आलेलो असतो.

'अ डे इन द लाइफ' मात्र सोडू नका. बीटल्सच्या गाण्याच्या या वाजवण्याला पुढे २०१० मध्ये ग्रॅमी मिळालं. गाणं तोंडपाठ असेल तर जास्त मजा येईल. लेननने गायलेल्या ओळी तो कसा बारच्या टेकूने, जवळजवळ बोलल्यासारख्या वाजवतो आणि मॅकार्टनीचा तुकडा आला की हाताचं वजन कसं बदलतं, ते ऐका. एकाच वाद्यावर दोन माणसं वेगळी काढली आहेत.

आणि मग एरिक क्लॅप्टन येतो. डीव्हीडीत दोघं मिळून दोन जुने ब्लूज वाजवतात. पार्श्वभूमी अशी की १९६५ मध्ये क्लॅप्टनने यार्डबर्ड्स हा बँड सोडला तेव्हा त्याच्या जागी बेक आला होता. चाळीसेक वर्षांनी दोघं शेजारी उभे, दोघांच्याही हातात स्ट्रॅट. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या भागात आयतं मिळतं. क्लॅप्टनच्या हातात पिक, स्वर सरळ आणि गोल, बेंड मापात, वाक्यं पूर्ण. बार तर तो वापरतच नाही, आपल्या स्ट्रॅटवर ब्रिज घट्ट बसवून टाकणाऱ्यांतला तो. शेजारी बेकचा प्रत्येक स्वर कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. क्लॅप्टन कमी आहे असं मला म्हणायचं नाही, गाणं सांभाळावं त्याने. पण मॉडेल तेच, ब्लूज तोच, आणि दोन आवाजांत मैलांचं अंतर. ते अंतर उजव्या हातांतलं आहे. हा भाग डोळे मिटून ऐका आणि कोण वाजवतंय ते ओळखा. दोन मिनिटांत जमेल.

फिल्म बघून शिकताना एक सावधगिरी ठेवा. तुम्हाला ऐकू येतो तो मिक्स केलेला आवाज. त्या खोलीत बसलेल्या माणसाला अ‍ॅम्पचा दणका छातीवर बसत होता, ड्रम्स नुसत्या कानाने ऐकू येत होते, तो तोल तुमच्या स्पीकरमध्ये नाही. म्हणून 'त्याचा टोन' म्हणून जो काही कानात बसतो तो हुबेहूब काढायच्या मागे लागू नका, त्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्याचाही हात आहे. दुसरं, कॅमेरा कट होतो. बार नेमका वर ओढला त्या क्षणी कधी प्रेक्षक दिसतात, कधी ड्रमर. अशा ठिकाणी डोळ्यांनी न दिसलेलं कानाने भरून काढा. ऐकून अंदाज बांधा की हा स्वर बोटाने गेला की बारने. बोटाचा बेंड चढताना किंचित अडखळतो, तारेचं घर्षण जाणवतं. बारचा स्वर तेल लावल्यासारखा सरकतो. आठवडाभर कान दिला की फरक कळायला लागतो.

आता खरेदीचं. लगेच घेऊ नका. तुमच्याकडे जी काय इलेक्ट्रिक गिटार आहे तिच्यावर पिक ठेवून द्या आणि महिनाभर अंगठा-तर्जनीने वाजवा. पहिले काही दिवस आवाज मिळमिळीत येईल, वेग निम्म्यावर येईल, चिडचिड होईल. अंगठ्याची कड तारेवर कुठे पडते, नखाजवळ की मांसल भागावर, ब्रिजजवळ की मानेजवळ, यावर आवाज किती बदलतो ते आधी कानात बसू दे. त्याच्या जोडीला करंगळीने नॉब. गिटारचा नॉब लांब असेल तर दुसऱ्या बोटाने करा, नियम नाही.

ते अंगवळणी पडलं की मग बार. क्लासमधल्या किंवा मित्राच्या गिटारवर करून बघा, ही गोष्ट दुकानात पाच मिनिटांत कळत नाही. तानपुऱ्याचं ॲप डी मध्ये लावा. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला डी असतो, तो तुमचा सा. व्हॉल्यूम शून्य. बार दाबून सूर सी पर्यंत, म्हणजे कोमल नी पर्यंत उतरवून ठेवा. आता तार छेडा, नॉब उघडा आणि बार सोडत सा वर या. तानपुऱ्यात विरघळला पाहिजे. बार पूर्ण सोडल्यावर स्वर जागेवर येणारच, कारण तिथे फ्रेट आहे, त्यामुळे हे सोपं. नंतर उलटं करा: सा छेडून बारने खाली कोमल नी वर जा आणि तिथे थांबा. हलू नका. चार ठोके तो स्वर धरून ठेवता आला तर पुढे जायचं. मग हेच दुसऱ्या तारेवर, जिथे दाब वेगळा लागेल. बहुतेकांची गाडी इथे अडते आणि अडू द्यावी. यानंतर एखादं साधं भावगीत घ्या, दोनच ओळी, आणि त्यातले कण बारने घेऊन बघा.

घ्यायचीच वेळ आली तर एक सांगून ठेवतो. स्वस्तातल्या स्ट्रॅट कॉपींवर बार असतो, पण तीनदा दाबला की गिटार बेसूर होते. बहुतेक वेळा दोष नटचा असतो, म्हणजे डोक्याजवळच्या त्या खाचांच्या पट्टीचा. तार खाचेत अडकते आणि परत जागेवर येत नाही. बेकच्या नावाच्या फेंडर मॉडेलवर म्हणूनच रोलर नट आहे, तार गुंडाळ्यांवरून सरकते, आणि ट्यूनिंगच्या खुंट्या लॉक होणाऱ्या. ती गिटार महाग आहे आणि तुम्हाला आत्ता तिची गरज नाही. साध्या गिटारवर चांगल्या कारागिराकडून नटच्या खाचा साफ करून घेतल्या, त्यात पेन्सिलीचं ग्राफाइट घासलं आणि ब्रिज नीट तरंगता बसवून घेतला तरी सरावापुरतं काम भागतं. ब्रिज स्वतः उघडून स्प्रिंगांशी खेळू नका. एक स्क्रू फिरवला की सहाही तारांचा तोल जातो आणि मग रविवार त्यातच जातो. तारांचा गेज, म्हणजे जाडी, एकदा ठरवा आणि तोच ठेवा. गेज बदलला की सगळा तोल पुन्हा बसवावा लागतो आणि हाताला लागलेलं बारचं मापही बदलतं.